पिवळ्या पॅडने बॉनेट धुरकट झालं: फोम पॅड नेमकं निवडायचं कसं?

धूळधाण

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, म्हणून धागा काढावा लागतोय.

गाडी गडद निळी, ६ वर्षांची. उन्हात बघितली की बॉनेटवर कोळ्याचं जाळं, म्हणजे बारीक गोल ओरखडे. मिळेल त्या फडक्याने वर्षानुवर्षं पुसत आलो, त्याचं फळ. म्हणून डीए पॉलिशर (फिरता फिरता झुलणारं पॉलिशचं मशीन) घेतला, १५ मिमी थ्रोचा, ५ इंची बॅकिंग प्लेटचा (पॅड चिकटवायची चकती). सोबत तीन पॅडचा संच: एक पिवळं, एक केशरी, एक काळं. एका व्हिडिओत ऐकलं होतं की पिवळं म्हणजे मधलं, तिथून सुरुवात करा. केली. कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) मध्यम कटचं, म्हणजे मध्यम कापणारं. अख्खं बॉनेट त्या एकाच पॅडवर उरकलं.

काम संपलं तेव्हा आरसा! घरच्यांना बाहेर बोलावून दाखवलं. दोन दिवसांनी गाडी धुतली, रात्री टॉर्च मारला, तर जाळं गेलंय खरं, पण सगळीकडे धुरकट पडदा. काचेवर श्वास सोडावा आणि पुसायचं राहून जावं, तसा.

पॅड चुकलं, कंपाउंड चुकलं, की माझा हात? आणि समोर वीस रंगांची पॅड मांडलेली असतात तेव्हा माणसाने कशावरून निवडायचं?

दुपारची_झोप

घरच्यांना पुन्हा बोलावलंत की नाही? :)

मायक्रॉन

धूळधाण, रंगावरून पॅड ओळखायची सवय आजच सोडा. पॅडच्या रंगांचं सगळ्या कंपन्यांना लागू असं कुठलंही मानक नाही. पिवळ्याचंच बघा. लेक कंट्रीच्या जुन्या मालिकांत पिवळं म्हणजे कटिंगचं, चांगलंच कडक. मेग्वायर्सचं पिवळं पॉलिशिंगचं, म्हणजे मधलं. कटिंगला त्यांचं गडद लाल आणि शेवटाला काळं. रूपेसकडे निळं सगळ्यात जहाल, मग हिरवं, मग पिवळं, मग पांढरं. म्हणजे तिथे पिवळं जवळजवळ शेपटाकडे. थ्रीएमचं हिरवं कंपाउंडला, पिवळं पॉलिशला आणि निळं अगदी शेवटच्या नाजूक हाताला. एकाचं निळं रंगाची साल काढायला आणि दुसऱ्याचं निळं त्यावर मोरपीस फिरवायला!

व्हिडिओवाल्याचं पॅड आणि तुमचं पॅड एकाच कंपनीचं होतं का? आणि तुमच्या संचाच्या खोक्यावर काय लिहिलंय?

धूळधाण

एकाच कंपनीचं नव्हतं. खोक्यावर पिवळ्यासमोर "हेवी कट" लिहिलंय. आत्ता वाचलं.

(कपाळावर हात मारणारी बाहुली)

दुपारची_झोप

धागा संपला म्हणायचा. चला, कुलूप लावा.

सावकाश

कसला संपतोय! "हेवी कट" वाचून अर्धंच उत्तर मिळालं. पण आधी, पहिल्या दिवशी आरसा आणि दोन दिवसांनी पडदा असं का झालं, ते सांगते. कारण हे कळल्याशिवाय पुढचा कुठलाच प्रयोग खरा ठरणार नाही.

बहुतेक कंपाउंड-पॉलिशमध्ये तेलं असतात, पॅड घसरावं आणि धूळ कमी उडावी म्हणून. ती तेलं बारीक ओरखड्यांत जाऊन बसतात आणि ओरखडे दिसेनासे होतात. तुम्ही दाखवलंत ते निम्मं काम तुमचं होतं आणि निम्मं तेलाचं. शाम्पूने तेल निघालं आणि ओरखडे उघडे पडले, तोच तुमचा पडदा. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर तेवढा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून (मी १०-१५ टक्के ठेवते) पुसायचा आणि मगच दिवा धरायचा. हे पुसताना फडकं मऊ आणि स्वच्छ हवं, नाहीतर तपासायला गेलो आणि नवे ओरखडे पाडून आलो अशी गत.

आता पॅड. फोम म्हणजे पॉलियुरेथेन, त्याच्या पोटात छिद्रं. छिद्रांच्या भिंती उघड्या असल्या तर हवा आरपार खेळते, पॅड जरा थंड राहतं, पण पॉलिश आत शोषलं जातं. भिंती बंद असल्या तर पॉलिश वरच राहतं, कमी लागतं, पण धुवायला आणि गरम व्हायला... म्हणजे गार व्हायला वेळ लागतो. छिद्रांची मोजणी इंचाला किती अशी देतात. आकडा मोठा म्हणजे छिद्रं बारीक. पण एवढ्या आकड्यावर भुलू नका. बारीक छिद्रांचा फोमही कडक असू शकतो आणि मोठ्या छिद्रांचा लिबलिबीत. कट किती होणार हे छिद्र, घनता आणि दाबल्यावरचा कडकपणा या तिघांनी मिळून ठरतं.

नवं पॅड हातात आलं की मी अंगठ्याने मधोमध दाबते आणि सोडल्यावर किती चटकन वर येतं ते बघते. मग तोंडाजवळ धरून फुंकर मारते. हवा पलीकडे गेली तर उघड्या छिद्रांचं. (नवंकोरं असतानाच. वापरलेल्याला तोंड लावू नका, अनुभवाचे बोल.) आणि शेवटी दोन तळव्यांत धरून आडवं सरकवते. वरचा तळवा हलतो पण खालचा जागीच राहतो, इतका फोम आडवा लवत असेल तर ते पॅड लांब थ्रोच्या मशीनला बरं नाही. का, ते मायक्रॉन सांगतील, त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

मायक्रॉन

आहेच! :)

डीए मशीनमध्ये पॅड दोन प्रकारे हलतं. स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय छोट्या वर्तुळात झुलतं. त्या झुलण्याच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो. साध्या मशीनचा ८ मिमीच्या आसपास, लांब थ्रोवाल्यांचा १५ किंवा २१ मिमी. कापायचं बरंचसं काम हे झुलणं करतं. पण प्लेट १५ मिमी झुलली म्हणजे पॅडचा तळ तेवढाच झुलतो असं नाही. मधे जाड, मऊ फोम असेल तर तो स्वतः आडवा लवून ती हालचाल गिळून टाकतो. प्लेट नाचतेय, रंगावरचा फोम मात्र आळसावलेला. त्या गिळलेल्या हालचालीची उष्णता होते, आणि ती साठते पॅडच्या मध्यभागी आणि वेल्क्रोजवळ. म्हणून हल्लीची पॅड पूर्वीपेक्षा पातळ झाली, २५ मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी. मधलं भोकही उगाच नाही. मध्यभागी गती सगळ्यात कमी आणि गरमी सगळ्यात जास्त. भोकातून थोडी हवा जाते आणि पॅड प्लेटवर मधोमध बसवायलाही सोपं पडतं.

जाड पॅडची बाजू घ्यायची तर, वळणदार पॅनेलवर ते चांगलं बसतं आणि हात तिरका झाला तर माफ करतं. रोटरीवर (न झुलता नुसतं गोल फिरणारं मशीन) तर मला जाडच आवडतं.

मापाचं म्हणाल तर, ५ इंची प्लेटला साडेपाच-सहा इंची पॅड. पॅड प्लेटबाहेर थोडं डोकावलंच पाहिजे, नाहीतर प्लेटची कड पत्र्याच्या एखाद्या घडीवर आपटते आणि मग पॉलिशची नाही, पेंटरची गरज पडते. पण ५ च्या प्लेटला ७ इंची पॅड नको. मशीनच्या पोटातलं वजन ठरावीक प्लेट-पॅडसाठी तोललेलं असतं. मोठं पॅड लावलं की हाताला मुंग्या येतात आणि पॅड फिरायचं थांबतं.

उगाच_एक

एक भाबडा प्रश्न. एवढी उठाठेव कशाला? पूर्वी लोक फडक्याला पॉलिश लावून हाताने चोळायचे. गाड्या काही चकाकत नव्हत्या का?

फिरकी

चकाकायच्या. पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांना क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसायचाच. रंग वरच असायचा आणि तो हाताला दाद द्यायचा. आताचा क्लिअर कोट हाताने चोळाल तर खांदा जाईल, जाळं तिथंच. शिवाय बोटांचा दाब फडक्याखाली सारखा नसतो, बोटांच्या रेघा उमटतात. दाराच्या हँडलमागच्या खोबणीत मी अजूनही हातानेच करतो, तिथे मशीन जातच नाही.

धूळधाण, मी हे काम पोटासाठी करतो, आयुष्य रोटरीवर गेलं. वरचं फोमपुराण बरोबर आहे, पण तुमच्या लेखात मला खटकलं ते वेगळंच वाक्य. "अख्खं बॉनेट त्या एकाच पॅडवर उरकलं." मधे पॅड साफ केलं होतं का? किती वेळा?

धूळधाण

साफ म्हणजे... कंपाउंड संपत आलं की वर अजून टाकत होतो. पॅड चांगलं ओलं झालं होतं, मला वाटलं ते बरंच.

फिरकी

वाटलंच मला.

अहो, पॅडमध्ये जातं काय काय याचा विचार करा. वापरून झालेलं कंपाउंड, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमच्याच गाडीचा खरवडलेला क्लिअर कोट. ते दोन्ही मिळून छिद्रं बुजतात, वर चिकट थर बसतो. मग पॅड कापत नाही, घासटतं. तुम्ही वर आणखी ओतता, ते घसरायला लागतं, तुम्ही जोर वाढवता, गरमी वाढते, फोम मधोमध मऊ पडतो. जगातलं सगळ्यात महागडं पॅड आणा, अशा अवस्थेत ते धुरकटच काम देणार.

माझी पद्धत सांगतो. एक चौकोन, दोन बाय दोन फुटांपेक्षा मोठा नाही. तो झाला की मशीन सुरू ठेवून पॅडवर नायलॉनचा ब्रश धरायचा, किंवा कॉम्प्रेसर असेल तर हवा मारायची. मग पुढचा चौकोन. दोन पॅनेल झाली की पॅड बदलायचं आणि पहिलं बादलीत. एका गाडीला एकाच जातीची पाच-सहा पॅड लागतात. म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो, सात जातींचं एकेक घेऊ नका. दोन जाती घ्या, पण प्रत्येकी भरपूर.

नव्या पॅडला पहिल्यांदा पॉलिश बोटाने सगळीकडे हलकं चोळून घ्यायचं, कोरडा कोपरा राहता नये. कोरडा फोम रंगाला ओरबाडतो. त्यानंतर दर चौकोनाला शर्टाच्या बारीक बटणाएवढे तीन-चार थेंब, बस. पॅडमधून ओघळ येतोय म्हणजे तुम्ही पॉलिश करत नाही, रंगाला अंघोळ घालताय.

सावकाश

+१ पॅडच्या संख्येला. मला हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर माझ्याकडे पॅडचं इंद्रधनुष्य होतं आणि कामाचं एकही नाही.

दुपारची_झोप

अवांतर: वेल्क्रोचा विषय निघालाच आहे म्हणून. माझं पॅड एकदा चालू मशीनवरून सुटलं आणि थेट शेजारच्यांच्या गॅलरीत. त्यांनी दोन दिवस भांड्यांना वापरलं, मग परत केलं. भांडी झकास निघाली म्हणे.

मायक्रॉन

हसलो, पण कारण गरमीच. प्लेटच्या बाजूचे वेल्क्रोचे बारीक हुक गरमीने वितळून बोथट होतात आणि पॅडची पकड सुटते. सलग काम करायचं तर दोन प्लेट ठेवाव्यात, एक गार होतेय तोवर दुसरी. पॅड काढताना खस्सकन ओढायचं नाही. ते गरम असतं, गोंद सैल झालेला असतो, फोम आणि वेल्क्रो वेगवेगळे हातात येतात. कडेने बोटं घालून हळूहळू उचलायचं.

फिरकी यांच्या मुद्द्याला माझा विरोध नाही. पण गाडी गडद निळी आहे, रंग मऊ असू शकतो. मऊ क्लिअर कोटवर कडक फोम नवाकोरा, स्वच्छ असला तरी धुरकटपणा देतो.

फिरकी

द्या की. पण आधी घाण पॅड बाजूला करा, मग मऊ-कडक बघू. दहातल्या आठ जणांचं दुखणं मला तिथेच सापडलंय.

मायक्रॉन

दहातले आठ तुम्ही मोजलेत का? :) माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही कारणं एकदम असू शकतात, आणि ती वेगळी करता येतात. धूळधाण, डिकीला अजून हात लावला नाही ना? तिथेही जाळं आहे ना?

धूळधाण

डिकी कोरी आहे, जाळ्यासकट.

मायक्रॉन

झकास. मग डिकीवर मास्किंग टेपने दीड-दीड फुटांचे चौकोन आखा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मशीनचा वेग, हाताचा दाब, फेऱ्यांची संख्या सगळीकडे सारखी.

क) पिवळं पॅड, धुतलेलं-वाळलेलं नको, नवं मिळालं तर नवं. हेच कंपाउंड. पहिला चौकोन करा, पॅड न पुसता लगेच शेजारचा करा आणि तसाच तिसरा. पहिला आणि तिसरा शेजारी ठेवून बघा. यातून फिरकींचं उत्तर मिळेल.

ख) स्वच्छ पिवळं, पण कंपाउंडऐवजी बारीक पॉलिश (कंपाउंडपेक्षा सौम्य).

ग) स्वच्छ केशरी, बारीक पॉलिश.

घ) काळं, बारीक पॉलिश.

प्रत्येकानंतर अल्कोहोलने पुसून दिवा तिरका धरा. समोरून मारलेला दिवा खोटं बोलतो. आणि प्लेटच्या कडेवर मार्करने एक आडवी रेघ काढा. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसली नाही तर पॅड नुसतं थरथरतंय, जोर कमी करा किंवा मशीन सपाट धरा. हात सावकाश, सेकंदाला इंचभर, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. एकदा उभे, एकदा आडवे.

कडा आणि घड्या टेपखाली झाका. तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. आजच्या बहुतेक गाड्यांचा सगळा थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५०. म्हणजे डोक्यावरच्या एका केसापेक्षाही पातळ. ऊन झेलायची औषधं त्याच थरात असतात. बॉनेटवर एकदा जोरात कंपाउंड झालंय, आता प्रयोग तिथे करू नका.

उगाच_एक

मग लोकरीच्या पॅडचं काय? आणि मायक्रोफायबरचं? ती फोमपेक्षा भारी असं ऐकलंय.

फिरकी

भारी म्हणजे जहाल. लोकरीचा प्रत्येक धागा कापतो, आणि गंमत म्हणजे रोटरीवर फोमपेक्षा कमी तापतो. सँडिंगच्या रेघा काढायच्या, ऊन खाऊन मेलेला रंग उठवायचा, तिथे लोकरच. पण मागे होलोग्राम सोडते, उन्हात तेलकट तवंगासारखी नक्षी. तिच्यामागून फोम फिरवावाच लागतो. मायक्रोफायबर डीएसाठी, कडक रंगावर मस्त चालतं. धूळधाणच्या गाडीवर लावाल तर पडद्याची गादी होईल.

सावकाश

मायक्रोफायबरला दर चौकोनानंतर साफ करावंच लागतं, तिथे आळस अजिबात चालत नाही. धागे चिकटून बसले की संपलं.

धूळधाण (दहा दिवसांनी)

धागा वर काढतोय. प्रयोग झाला. पिवळं पॅड नवं आणलं, त्याच संचातलं.

क) पहिला चौकोन: जाळं साफ, धुरकटपणा आहे, पण बॉनेटपेक्षा कमी. तिसरा चौकोन: जवळपास बॉनेटसारखाच! पॅड तेच, बाटली तीच, मधे फक्त वीस मिनिटं. टेप काढली तेव्हा दोन चौकोनांमधला फरक टॉर्चशिवायही दिसत होता. फिरकी, दंडवत.

ख) पिवळं आणि बारीक पॉलिश: जाळं गेलं, धुरकटपणा तिरक्या दिव्यातच दिसतो, तोही शोधला तर.

ग) केशरी आणि बारीक पॉलिश: जाळं गेलं, दोन-चार खोल रेघा राहिल्या. धुरकटपणा मला सापडला नाही. म्हणजे जे पॅड मी "नंतर बघू" म्हणून खोक्यात ठेवलं होतं, तेवढ्यावर काम भागत होतं. मायक्रॉन, तुम्हालाही दंडवत.

घ) काळं: चमक सुंदर, जाळं जिथल्या तिथे.

मग बॉनेट. तिथे आता जाळं नव्हतंच, फक्त पडदा. केशरीने सुरू करणार होतो, पण कोपऱ्यात आधी काळं फिरवून बघितलं. पडदा अर्धा उतरला. केशरीने पूर्ण उतरला. मग तीन केशरी पॅड आलटून पालटून वापरून बॉनेट संपवलं, दर चौकोनाला ब्रश. शेवटी काळं लावावं का हा विचार केला, पण अल्कोहोलने पुसून बघितल्यावर केशरी आणि केशरी-अधिक-काळं यात मला तरी फरक दिसेना. सोडून दिलं.

मायक्रॉन

फार नीट केलंत. मी काळंही लावलं असतं, पण तो माझा रोग आहे.

त्या खोल रेघा नखाला लागतात का? नख अडकत असेल तर सोडून द्या. ती रेघ घालवायची म्हणजे तिच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा क्लिअर कोट खाली आणायचा. रेघ जाईल, थरही जाईल.

धूळधाण

एक नखाला अडकते. राहू दे. तिच्यावर मी आता प्रेम करायला शिकतोय.

पॅड धुवायचं कसं तेवढं सांगा. जुन्या पिवळ्यावर कंपाउंड सुकून खडा झालाय.

सावकाश

ते पिवळं टाकून द्या, किंवा दुपारची_झोप यांच्या शेजाऱ्यांना द्या. सुकलेलं कंपाउंड फोमच्या आत राहतं आणि पुढच्या वेळी कधी सुटून ओरखडा काढेल सांगता येत नाही.

इथून पुढे काम संपलं की लगेच कोमट पाण्यात टाकायचं. ऑल पर्पज क्लीनर पातळ करून मारा, अंगठ्याने दाबत पिळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. धुण्याच्या कपड्यासारखं पिरगाळायचं नाही, फोम गोंदापासून सुटतो. मग रिकाम्याच मशीनवर चढवून बादलीच्या आत काही सेकंद फिरवलं तर पाणी उडून जातं (बादलीच्या आत! बाहेर नव्हे). वाळवताना फोमची बाजू खाली, वेल्क्रो वर, म्हणजे पाणी गोंदाच्या थरात साचत नाही. सावलीत. उन्हात फोम पिवळट पडून भुगा होतो. वाळलं की झाकणाच्या डब्यात. उघडं ठेवलेल्या पॅडवर बसलेली धूळ म्हणजे पुढच्या वेळचं फुकटचं सँडपेपर.

आणि मार्करने मागे लिहा, कंपाउंडचं की पॉलिशचं. एकदा कंपाउंड प्यायलेलं पॅड कितीही धुतलं तरी मी बारीक पॉलिशला वापरत नाही.

फिरकी

मध्यभागी दाबल्यावर खड्डा राहायला लागला, कड फाटली, फोम वेल्क्रोपासून उचलला, यातलं काहीही दिसलं की पॅडला निरोप द्या. कड फाटलेलं पॅड बंपरवर चालेल, असं म्हणून कोणी ठेवू नका. बंपर प्लॅस्टिकचा, गरमी पत्र्यासारखी पसरत नाही, तिथे रंग लवकर जळतो. उलट तिथे ३ इंची, चांगलं पॅड आणि हलका हात पाहिजे.

नवा_पत्ता

धागा वाचनखुणेत टाकला. माझी अडचण जरा वेगळी. जुनी पांढरी गाडी आहे, आजोबांची. केशरी पॅडने सुरुवात केली आणि पॅडवर पांढरा रंग यायला लागला. घाबरून थांबलो. पॅड कडक आहे का?

फिरकी

थांबलात ते चांगलं केलंत, पण घाबरू नका. बहुतेक तुमच्या गाडीला क्लिअर कोट नाहीच, एकाच थराचा रंग आहे. तिथे पॅडवर रंग येणारच, मेलेला वरचा थर उतरतोय. पण एक तपासा: पांढरा रंग पहिल्या फेरीपासून येतोय, की आधी काही नव्हतं आणि मग एका जागी अचानक आला? पहिलं असेल तर पॅड लवकर लवकर बदलत राहा, ते फार पटकन भरतं. दुसरं असेल तर मशीन खाली ठेवा.

नवा_पत्ता

पहिल्या फेरीपासून. सगळीकडे सारखा.

मायक्रॉन

मग फिरकी म्हणतात तेच. तरी थर मोजणारं मीटर कुणाकडून मिळालं तर छत, दारं, बॉनेट सगळीकडे लावून बघा. जुन्या गाडीवर आधी किती जणांनी हात फिरवलाय कोण जाणे. पत्र्यावर मीटर लागेल, प्लॅस्टिकच्या भागावर साधं मीटर काही सांगणार नाही. आणि कडांवर टेप लावलीये ना?

नवा_पत्ता

नाही लावली. लावतो. केशरी पॅड एकच आहे, अजून चार आणतो आणि मग येतो.

सावकाश

आणताना खोक्यावरचं वाचा.